कवाबी बसवता येतंय

साखर कारखान्याच्या गावात माणसाची पारख करायची असेल तर त्याला हंगाम आवडतो की ऑफ सीझन, एवढंच विचारावं. मोळी पडली की हंगामवाल्याच्या अंगात वारं भरतं. ट्रॅक्टरच्या रांगा, रात्रपाळीचा चहा, मळीचा वास, भोंगा आणि 'मिल थांबली' म्हणून उडालेली पळापळ, ह्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. ऑफ सीझनवाला मात्र एप्रिलात धुराडं गार झालं की खरा माणसात येतो. मग पाच-सहा महिने कारखाना उघडा पडलेला असतो. मिलचे रोलर वर उचललेले, बेअरिंगं बाहेर, पंपांची पोटं फाडलेली, जमिनीवर नटबोल्ट ओळीनं मांडलेले. पुसायचं, मोजायचं, पुन्हा पुसायचं. घाई कसलीच नाही, कारण गाळप काही ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आधी सुरू होत नाही.

श्रीपूरचे आप्पा फिटर हे ऑफ सीझनचे माणूस. इतके, की रिटायर झाल्यापासून त्यांनी घरात हंगाम येऊच दिलेला नाही.

माळशिरस तालुक्यात अशा माणसांचं पीक उसाच्या बरोबरीनं येतं. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली आणि तिचा कारखाना श्रीपूरला आला. त्याच्या आधी १९३२ मध्ये सासवडच्या माळी बागायतदारांनी माळीनगरचा कारखाना काढला होता. नीरेपलीकडं वालचंदनगर. पुढं श्रीपुरात पांडुरंग सहकारी आला. एवढे दाते, रोलर आणि बॉयलर ज्या मुलखात आले तिथं गल्लीगणिक एक फिटर निपजणारच. हे लोक रिटायर होतात, पण हातातला पान्हा खाली ठेवत नाहीत. कुणी पिठाच्या गिरण्या दुरुस्त करतो, कुणी विहिरीवरच्या मोटारी भरून देतो. आप्पांनी जीप घेतली.

जीप महिंद्राची, सीजे-३बी, उंच तोंडाची, पेट्रोलवर चालणारी. साल १९६५. कारखान्याच्या शेतकी खात्याचे ओव्हरसीअर असल्याच जिपांतून उसाच्या नोंदी घेत फिरायचे, तेव्हा शिवारात जीप दिसली की 'तोडीचा प्रोग्राम आला' म्हणून माणसं बांधावर उभी राहायची. आप्पांची जीप मात्र खाजगी, नदीकाठच्या एका बागायतदाराची. क्लचप्लेट बदलायची म्हणून तिचा गिअरबॉक्स उतरवला, त्याच आठवड्यात मालक वारले आणि वर्षाच्या आत दोन्ही मुलांची वाटणी झाली. जीप थोरल्याच्या दारात उभी होती, ती थोरल्याला गेली. बॉक्स खताच्या गोदामात होता. गोदाम धाकट्याच्या हिश्श्यात आलं, तेव्हा त्यातल्या जिनसांसकट बॉक्सही त्याचाच झाला. थोरला माणसं पाठवून म्हणायचा, "बॉक्स द्या, गाडी चालू करतो." धाकटा त्याच माणसांबरोबर उलट निरोप धाडायचा, "गाडी द्या, बॉक्स बसवतो." बांधाचा दावा मिटला, पाण्याच्या पाळीचा वाद मिटला, पण हा मिटला नाही. शेवटी दोघंही म्हातारे झाले, आणि आप्पांनी दोघांकडं वेगवेगळ्या दिवशी जाऊन दोन्ही वस्तू भंगाराच्या भावानं उचलल्या.

"भावाभावांचं मला जमलं न्हाई," आप्पा सांगतात, "पर त्येंची गाडी मी एक करून दावतो."

ती एक करणं अजून चालू होतं.

फियाट का नाही घेतली, असं कुणीतरी विचारलं होतं. प्रश्न वावगा नव्हता. मोटारीच्या धंद्यात उतरलेल्या वालचंद हिराचंदांचा जन्म १८८२ चा, तोही सोलापूरचा. कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स त्यांनी १९४४ मध्ये काढली आणि तिथूनच पुढं फियाट ११०० बाहेर पडली. जिल्ह्याचा अभिमान म्हणून तरी फियाट शोभली असती. आप्पांनी मान हलवली. "फियाटचा गिअर ष्टेरिंगला. दांडी वर, बॉक्स खाली, मधी नुसत्या लिंका. जीपला कसं, दांडी सरळ बॉक्सात. मान्साला आन् गिअरला समोरासमोर बोलता आलं पायजे."

बाकीची जीप कधीच तयार झालेली होती. ब्रेक झाले, रेडिएटर झाला, वायरिंग झालं. इंजिन तर रोज सकाळी चालायचं. जीपचं इंजिन मागून बॉक्साच्या खालच्या आडव्या पट्टीवर टेकतं. बॉक्सच नाही म्हटल्यावर मागं बाभळीचा ओंडका लावलेला, आणि त्या ओंडक्यावर रेलून इंजिन दहा मिनिटं धडधडायचं. त्या आवाजावर शेजारच्या घरातली पोरं शाळेला निघायची. जीप मात्र इंचभर हलायची नाही, हलायची सोयच नव्हती. आप्पा बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे, दहा मिनिटं झाली की चावी बंद करायचे आणि बॉक्साकडं वळायचे.

बॉक्स उघडला त्या दिवशी आम्ही चार-पाच जण मुद्दाम गेलो होतो. वरचं झाकण सहा बोल्टांचं, त्याच्या भोकात कुणीतरी धोतराचा बोळा कोंबलेला. बोळा काढल्यावर आधी आला तो वास. जुन्या गिअर ऑइलला गंधकाचा वास असतोच, त्यात ह्याच्यात उंदीर नांदून गेलेले. दांडीच्या तोंडाशी ज्वारीच्या फोलपटांचं घरटं, त्यात सुतळी आणि कुरतडलेली वजनपावती. आप्पांनी ती पावती चिमट्यानं उचलली, झटकली आणि उजेडात धरून वाचली. ऊस किती टन, वजावट किती. "वजावट जास्त धरलीय," ते म्हणाले, आणि पावती खिशात ठेवली. कुणाची होती, देव जाणे.

मग बॅटरीचा झोत आत पडला आणि सगळे गप्प झाले. बॉक्सात अर्ध्यापर्यंत तेल तसंच राहिलेलं होतं. जिथवर तेल होतं तिथवरचे दाते काल बसवल्यागत चकचकीत. तेलाच्या वर मात्र पिकावर पडावा तसा तांबेरा पडलेला, लालसर, भुकटीचा, बोटाला लागणारा. वर्षानुवर्षं बॉक्स एकाच कुशीवर निजलेला होता, तोही युरियाच्या गोण्यांना टेकून. खत दमट हवेत पाणी ओढून घेतं आणि शेजारच्या लोखंडाला सुखानं राहू देत नाही. आप्पांनी एकाच गिअरचा खालचा दाता आणि वरचा दाता आळीपाळीनं दाखवला. "ह्यो धाकट्या भावाचा गुन्हा," ते म्हणाले. "म्हयन्या-दोन म्हयन्याला शाफ्टाला नुसता हातानं फेरा दिला आसता, तरी तेल समद्यांस्नी पुरलं आसतं."

इतकं बघून दुसरा कुणी बॉक्स पाटीवर टाकून मोकळा झाला असता. आप्पांच्या चेहऱ्यावर मला तेव्हा जे दिसलं ते एप्रिल महिन्याचं सुख होतं.

पडून राहिलेला बॉक्स तयार करायचा म्हणजे काय, हे सांगायला फार लागत नाही. जुनं तेल काढा, डिझेलनं धुवा, दाते बघा, बेअरिंग हातात धरून फिरवा, खरखर लागली तर बदला. सिंक्रोच्या पितळी रिंगा किती झिजल्या ते पाहा. वाळलेली ऑइल सीलं टाकून द्या, पॅकिंगं नवी कापा, श्वास घ्यायचं भोक मोकळं करा. सगळं जोडून हातानं तिन्ही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा, मग चढवा. चांगला मिस्त्री आठवड्यात करतो. आप्पांचा मात्र नुसता 'धुवा' हा शब्दच एक अख्खा पावसाळा पुरला. पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी असं ते डिझेलचं सांगत. तिसऱ्या पाण्यानंतर डिझेल पांढऱ्या थाळीत ओतून त्यात लोहचुंबक फिरवत. चुंबकाला काही चिकटलं तर चौथं पाणी.

अकलूजच्या आयटीआयमधून नुकतंच बाहेर पडलेलं एक पोरगं त्यांच्या हाताखाली यायचं. आप्पा त्याला 'इंजिनिअर' म्हणत. तो दर आठवड्याला एकदा तरी म्हणायचा, "आप्पा, आता बसवू या की."

"बसवायचं काय, कवाबी बसवता येतंय," आप्पा फुंकणीनं भोक फुंकत म्हणायचे. "काढाया लागला तर?"

ह्या 'तर'वर त्यांचं सगळं घर उभं होतं. कारखान्यात दर साली मोळी टाकायचा समारंभ होई. इस्त्रीच्या कपड्यांतली मंडळी, नारळ, हार, गव्हाणीपुढं मांडव. आप्पा मागं पान्हा घेऊन उभे. त्यांना विचाराल तर कारखान्याचा सगळ्यात देखणा दिवस म्हणजे त्याच्या आदला. सगळं जोडलेलं, सगळं पुसलेलं, आणि अजून एक कांडंही आत गेलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माती, पाचट, दगड, आणि कुठल्या तरी गाडीतून आलेला कोयता. "वापराया लागलं की वस्तू खराब होत्याच," हे त्यांचं मत ऐकायला साधं वाटतं. आप्पांच्या बायकोला, म्हणजे काकूंना विचारा. त्यांच्या लग्नात आलेला पितळी बंब ह्या मतापायी अजून कोरा आहे.

पण काकूंची खरी तक्रार लाटण्याची.

जीपच्या बॉक्सात खालच्या शाफ्टावर गिअरांचा एक जोडलेला गड्डा फिरतो, आणि गड्ड्याच्या पोटात नीडल असतात, म्हणजे सुटे, सुईएवढाले रोलर. ते ग्रीसमध्ये चिकटवून गोल मांडायचे असतात. मधे काही नसलं तर कोसळतात. म्हणून खऱ्या शाफ्टाच्या जाडीचा एक खोटा शाफ्ट आत घालतात, त्याच्याभोवती रोलर उभे राहतात, आणि जोडताना एका बाजूनं खरा शाफ्ट ठोकत नेला की खोटा दुसऱ्या बाजूनं आपोआप बाहेर पडतो. लोखंडी चालतो, पण आप्पांच्या मते लोखंड लोखंडाला ओरखडतं. लाकूड हवं. तेही कडक, धागा न सुटणारं, बरीच वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं.

असं लाकूड त्यांच्या घरात एकच होतं. काकूंच्या माहेरून आलेलं शिसवी लाटणं.

आप्पांनी ते ओळखीच्या टर्नरकडं नेलं, लेथवर धरून पाऊण इंचाच्या आसपास उतरवलं, दोन्ही मुठी कापल्या आणि नीडलांच्या मधोमध घालून ठेवलं. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सोलापूर जिल्हा ज्वारीचा. भाकरी हातावर होते, तव्यावर पडते, लाटण्याचं काम पडत नाही. आप्पांनी हे सगळं आधी हेरलेलं होतं. होळीला काकूंनी पुरण शिजवलं, कणीक तिंबली आणि फडताळात हात घातला.

त्या संध्याकाळचं बोलणं सगळ्या गल्लीनं ऐकलं. "आवं, माझ्या आयची आठवण ती!" काकू म्हणाल्या. आप्पा शांतपणे म्हणाले, "हाय की. आत हाय. बॉक्स जोडला की भायेर येतंय." त्या वर्षीच्या पोळ्या शेजारच्या लाटण्यानं झाल्या. बॉक्सही जोडला गेला नाही, कारण नीडल मोजताना एक कमी भरला. पोत्याखाली, गोठ्यात, नातवाच्या खेळण्यांत शोध झाला. चार दिवसांनी तो मसाल्याच्या डब्यात सापडला, लवंगांत. काकूंनी तो मुद्दाम टाकला होता असं आप्पांचं म्हणणं आहे. आप्पा लवंग खायला डबा उघडतात आणि ग्रीसचे हात त्यातच घालतात, असं काकूंचं. मी काकूंच्या बाजूचा आहे.

पॅकिंगांची गोष्ट वेगळी. दोन लोखंडी तोंडांच्या मधे कागदाचं पॅकिंग लागतं, आणि पुढच्या बेअरिंगच्या टोपीखाली ते किती जाड असावं ह्यावर शाफ्टाची मागं-पुढं होणारी हालचाल ठरते. दुकानातला पॅकिंगचा कागद आप्पांना पसंत नव्हता. एक जाड, एक पातळ, मधलं काही नाही. त्यांना मधलं हवं होतं. ते सापडलं लग्नपत्रिकांत.

तेव्हापासून आप्पांच्या घरी पत्रिका आली की आधी मायक्रोमीटर निघतो. जाडी ते 'थाव'मध्ये सांगतात, इंचाचा हजारावा भाग. "दहा थाव. मध्यमवर्गी." "चौदा थाव. पोरीचा बाप गुंठेवारीत दिसतोय." प्लॅस्टिकचा चकचकीत थर असलेली पत्रिका तेल पीत नाही, म्हणून असल्या लग्नाला ते जात नाहीत. पत्रिका पसंत पडली की ती बॉक्साच्या तोंडावर ठेवायची आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं हलके टोले द्यायचे. लोखंडाची धार कागद आपोआप कापते. बोल्टांची भोकं पाडायला त्यांची युक्ती बघण्यासारखी आहे. भोकावर बेअरिंगमधली एक गोळी ठेवायची आणि वरून एकच ठोका. चकतीएवढा गोल तुकडा खाली पडतो आणि भोक नितळ. ठोकण्याआधी मात्र ते पत्रिकेवरचा गणपती कात्रीनं अलगद कापून देव्हाऱ्यात ठेवतात. देव्हाऱ्यात सध्या बरेच गणपती आहेत. पॅकिंगाच्या एका बाहीवर 'चि.' आणि दुसऱ्या बाहीवर 'चि. सौ. कां.' असं राहून जातं, मधून शाफ्ट.

तेलाच्या बाबतीत आप्पा कुणाचं ऐकत नाहीत, आणि तिथं ते बरोबर आहेत. अकलूजच्या दुकानदारानं त्यांना भारीतलं नव्वद नंबर दिलं, जीएल-५ लिहिलेलं. आप्पांनी डबा परत केला. "चार नंबर द्या."

"आप्पा, पाच हे चाराच्या वरचं असतंय," दुकानदार म्हणाला.

"तुमच्या हिशेबात आसंल."

जीएल-५ मध्ये जास्त दाबासाठी गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. ती मागच्या डिफरन्शिअलला मानवतात, पण जुन्या बॉक्सातल्या पितळी सिंक्रो रिंगा ती काळ्या करतात आणि हळूहळू खातात. हे आप्पांना कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. ते कारखान्यात सल्फर बर्नरच्या शेजारी वावरलेले. उसाचा रस स्वच्छ करायला गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतात, त्या खात्यातल्या पितळी वस्तूंचं काय होतं ते त्यांनी बघितलेलं. "गंधक साखर पांढरी करतंय," ते दुकानदाराला म्हणाले, "आन् पितळ काळं."

दरम्यान तारखा टळत होत्या. अकलूजला तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण असतं, त्याला जीपनं जायचं असं दर आषाढात ठरायचं. वारी यायची, बोरगावाकडं निघून जायची, आप्पा सायकलवरून रिंगण बघून यायचे. कार्तिकीला काढू म्हणायचे. कार्तिकीत कारखाना सुरू, रस्त्यावर उसाच्या गाड्या, नव्या बॉक्साला ताण नको.

मधेच एकदा पुण्याहून जुन्या गाड्यांचे एक शौकीन आले. पांढरे बूट, गळ्यात चष्मा. जीपभोवती फिरले, चासीचा नंबर मोबाइलमध्ये टिपला, बॉडीवर टिचकी मारली. आप्पा बॉक्सावरचं फडकं दूर करून तयार उभे होते. पाहुण्यांनी तिकडं बघितलंही नाही. त्यांनी सांगितलं की २०२१ च्या जुलैपासून केंद्र सरकारनं नियम केलाय. पन्नास वर्षांपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' अक्षरं. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येईल, रोजच्या वापराला नाही.

रोज वापरायची नाही, हे ऐकून आप्पांना सरकारबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. तो फार टिकला नाही.

"फक्त एकच," पाहुणे म्हणाले, "मूळ स्वरूप पाहिजे. मोठा ओव्हरहॉल झालेला नको."

आप्पा बाजेवर बसले. "ओव्हरहॉल केला न्हाई, आसं ल्हिऊन द्यायचं? म्या?"

"म्हणजे चासी, बॉडी, इंजिन ह्यांत मोठा बदल नको, एवढाच अर्थ."

"आन् बॉक्स?"

"गिअरबॉक्साचं काही म्हटलेलं नाही नियमात."

ओव्हरहॉलचा अपमान त्यांनी गिळला असता. पण सरकारनं नियम लिहिताना बॉक्सच विसरावा, हे काही त्यांना गिळवेना. पाहुण्यांना चहा मिळाला, जीप मिळाली नाही.

अखेर बॉक्स जोडला गेला तो काकूंमुळं. बेंदूर तोंडावर आला. लेक, जावई, विहीण येणार होते आणि काकूंनी शेजारी लाटणं मागायला साफ नकार दिला. "पाव्हण्यांम्होरं मागू व्हय? माझं मला पायजे. आज." आज हा शब्द त्या घरात फार वर्षांनी उच्चारला गेला होता.

आप्पांनी कपाट उघडलं, आणि तिथं त्यांना अवसान गाळायला लावणारी गोष्ट दिसली. कापून ठेवलेली पॅकिंगं इतकी जुनी झाली होती की कागद आक्रसून भोकं बोल्टांवर बसेनात. तयार आणून ठेवलेली ऑइल सीलं पुडीतल्या पुडीत कडक झाली होती, ओठ दाबला तर परत येईना. बॉक्स तयार करता करता तयारीच साठवणीतली झाली होती. आयटीआयवाला पोरगा मोटारसायकलवर पंढरपूरला पळाला आणि मापानं नवी सीलं घेऊन आला. पॅकिंगांना पत्रिका लागली. घरात ताजी एकच होती, पंचक्रोशीतल्या एका मोठ्या घरची, पेटीतून आलेली, वेलवेटच्या फितीची. मायक्रोमीटर लावायला आप्पांनी हात पुढं केला, तेवढ्यात आतून आवाज आला, "डाळ शिजली!" आप्पांनी गणपती कापला आणि हातोडी उचलली.

दुपारी खरा शाफ्ट एका बाजूनं आत शिरला. लाकडी ठोकळ्यावर हातोडीचा एकेक टोला. दुसऱ्या बाजूनं लाटणं सूत सूत बाहेर येऊ लागलं. काकू पदर खोचून समोर उभ्या. शेवटच्या टोल्याला ते सुटून त्यांच्या पायाशी पडलं. काळंभोर, ग्रीसनं माखलेलं, बोटाएवढं जाड, वीतभरसुद्धा नाही. काकूंनी ते उचललं, नाकाशी नेलं आणि एक अक्षर न बोलता शेजारी लाटणं मागायला गेल्या.

बॉक्स चढवायचं काम आप्पा आणि पोरग्यानं दिवेलागणीपर्यंत उरकलं. जुन्या शाफ्टाच्या तुकड्यानं क्लचप्लेट मधोमध धरली, पायलट बुशाला तेल पाजलं, खाली जॅक आणि गोणपाट. वजन क्लचप्लेटवर लोंबकळू द्यायचं नाही, असं आप्पा जॅकच्या प्रत्येक पंपाला बजावत होते. बॉक्स थोडा अडला. मागच्या बाजूनं पोरग्यानं शाफ्ट हातानं जरा फिरवला आणि तो 'खट्' करून सरळ बसला. आप्पा गाडीखालून लगेच बाहेर आले नाहीत. बऱ्याच वेळानं आले तेव्हा म्हणाले, "बसला की रं."

बाभळीचा ओंडका काढला.

बेंदराच्या दिवशी आप्पा, जावई, पोरगा आणि मी असे महाळुंगला यमाईच्या देवळापर्यंत जाऊन आलो. पहिला गिअर सिंक्रोचा नसल्यामुळं गाडी पूर्ण थांबल्याशिवाय आप्पा तो टाकत नव्हते, त्यामुळं वाटेत शिंगं रंगवलेल्या प्रत्येक बैलजोडीला आम्ही उभं राहून सलामी दिली. जावई फोटो काढत होते. देवळापाशी नारळ फुटला. येताना आप्पा दुसऱ्या गिअरवर होते. पुढं गुरं आली म्हणून पाय उचलला, आणि गिअरची दांडी त्यांच्या हाताखालून आपण होऊन न्यूट्रलला आली. त्यांनी परत टाकला. पाय उचलल्यावर परत सुटला.

पोरगं पडल्या चेहऱ्यानं म्हणालं, "आप्पा, उतरवायला लागतंय जणू."

आप्पांनी जीप कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दांडी दोन बोटांत धरून पुढं-मागं हलवली. एकदा, दोनदा, कानोसा घेत. त्यांचा चेहरा खुलत गेला.

"प्याकिंग," ते म्हणाले. "म्होरल्या टोपीचं. चार-पाच थाव जाड झालंय. त्येंची पत्रिका हातात घितली तवाच मला वाटलं हुतं, ह्या घरचं समदं जरा जादाच आसतंय." मग माझ्याकडं वळून, खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमच्या वळखीत कुणाचं लगीन हाय का? साधं, धा थावातलं?"